सावलीची बाजू

कुरुंदवाडच्या एस.टी. स्टँडवर दुपारच्या गाडीत चढणारा माणूस रुमाल टाकण्याआधी मनातल्या मनात एक हिशेब करतो. गाडी कुठल्या दिशेला जाणार, सूर्य आत्ता कुठे आहे आणि पुढचा तास-दीड तास ऊन कुठल्या खिडकीतून आत येणार? कोल्हापूरची गाडी पश्चिमेला तोंड करून निघते. थंडीच्या दिवसांत दुपारचे ऊन तिच्या डाव्या बाजूला पडते, म्हणून जाणती माणसे उजवीकडची खिडकी धरतात. मे महिन्यात हा हिशेब उलटतो. आपले गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सावली गाडीच्या डाव्या अंगाला जाते. हे कुणी शाळेत शिकवत नाही. रोजच्या प्रवासातून ते अंगवळणी पडते.

लंडनहून न्यूयॉर्कला जाणारे विमानही पश्चिमेलाच तोंड करून निघते. त्यात खिडकी कुठली घ्यावी, या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर याच हिशेबात आहे. उलट तिथे तो सोपा आहे, कारण ५० अंश उत्तर अक्षांशावर दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो.

शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी घरांतून आज कुणी ना कुणी न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात आहे. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला आई-वडील निघतात. तिकीट मुले काढतात, बॅगांचे वजन दहा वेळा होते, लोणच्याच्या बरण्यांना चार-चार पिशव्या चढतात. जागा मात्र संगणक देईल ती. मग पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात ज्यांनी आयुष्यभर समुद्र, बर्फ, ज्वालामुखी हे भूगोलाच्या पुस्तकात वाचले, त्यांच्या नशिबी मधली जागा आणि पुढच्या खुर्चीची पाठ येते. मला हे फार चुटपुट लावणारे वाटते. अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटर लांब असते. कुरुंदवाडवर त्या उंचीला उभे राहता आले, तर निरभ्र दिवशी मुंबईसुद्धा क्षितिजाच्या अलीकडेच राहील. पुणे, पणजी, हुबळी, विजापूर तर एका नजरेत येतील. एवढा मोठा पट डोळ्यांसमोर उलगडत असताना तो पाहायला न मिळणे हे नुकसानच आहे, आणि ते टाळायला थोडी आधीची तयारी पुरते.

सराव घराजवळूनच करता येतो. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला. तिथून मुंबईच्या विमानतळापर्यंत नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, की ती वायव्येकडे, पण पश्चिमेपेक्षा उत्तरेला जास्त झुकलेली निघते. या रेघेच्या डाव्या अंगाला लगेच पन्हाळा येतो, पुढे कोयनेचा शिवसागर जलाशय आणि घाटमाथ्याची तुटलेली कड, मग खालचे कोकण आणि लांबवर समुद्र. उजव्या अंगाला महाबळेश्वरचे पठार आणि त्यापुढे रायगड. सकाळच्या विमानात सूर्य उजवीकडे असतो, म्हणून डावी खिडकी घ्यावी: ऊन मागून पडते आणि सह्याद्रीची प्रत्येक घडी उठून दिसते. हैदराबादला जाणारी सरळ रेघ तर जवळजवळ कुरुंदवाडच्याच डोक्यावरून जाते, कारण आपले गाव विमानतळाच्या थेट पूर्वेला, हवाई अंतराने ३०-३२ किलोमीटरवर आहे. ती रेघ गावाच्या किंचित उत्तरेकडून जाते, म्हणजे कुरुंदवाड आणि वाडीचा संगम उजव्या खिडकीच्या अगदी खाली. पंचगंगा कृष्णेला कशी मिळते, दोन्ही नद्या या सपाट मुलखात किती वळणे घेत सावकाश वाहतात, आणि २००५, २०१९, २०२१ च्या पुरात पाणी उसाच्या फडांत पसरून का बसले, हे घाटावर उभे राहून जेवढे कळत नाही तेवढे वरून एका मिनिटात कळते. वैमानिक नेहमी पट्टीच्या रेघेवरूनच जाईल असे नाही. वारा, ढग आणि नियंत्रण कक्षाच्या सूचना यांप्रमाणे वाट बदलते. पण कुठल्या अंगाला काय आहे, याचा अंदाज सहसा चुकत नाही.

लांबच्या प्रवासाला मात्र भिंतीवरचा नकाशा उपयोगाचा नाही. त्यासाठी पृथ्वीचा गोल हवा आणि एक दोरा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो अरबस्तान आणि आफ्रिकेवरून सरळ पश्चिमेला जाईल अशी आपली समजूत असते, पण ताण बसताच तो घसरत वर, उत्तरेकडे सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मग मॉस्कोच्या आसपास, नॉर्वेचे ट्राँडहाइम, आइसलँडचा दक्षिण किनारा, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, कॅनडाचा लाब्रादोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क, अशी ती वाट आहे. साधारण १२,५०० किलोमीटर लांब, आणि वाटेत जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत चढणारी. गोलावरचे सर्वांत कमी अंतर हेच. घरात गोल असेल तर नातवंडाला हाताशी घेऊन हा खेळ जरूर करावा. दोरा बोटाखाली घसरून ध्रुवाकडे जातो तेव्हा पृथ्वी गोल आहे म्हणजे नेमके काय, ते हाताला कळते.

विमान मात्र दोऱ्याच्या वाटेने जाईलच असे नाही, कारण आकाशालाही सरहद्दी आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केले, आणि तेव्हा मुंबईहून निघालेली भारतीय विमाने आधी अरबी समुद्रावरून ओमान आणि आखाताकडे जाऊ लागली. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झाले, आणि युरोप-अमेरिकेच्या कंपन्या रशियावरून जाईनाशा झाल्या. म्हणून वाट दक्षिणेकडे वाकली: आखात, इराण किंवा इराक, तुर्कस्तान, काळा समुद्र, मध्य युरोप. निघण्याआधी दोन-चार दिवस, आपल्याच क्रमांकाचे विमान काल आणि परवा कुठून गेले ते फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर पाहून ठेवावे. या एका कामाने खिडकीचा निम्मा प्रश्न सुटतो.

मुंबई ते युरोप या टप्प्यात विमानाचे नाक वायव्येला असते. भल्या सकाळी निघालात तर सूर्य उजवीकडे, मागच्या बाजूला असतो. दहा-अकरानंतर तो डावीकडे जातो आणि मग पुढे डावीकडेच राहतो. म्हणजे दिवसाच्या विमानात बराच वेळ सावली उजवीकडे. सावली हवी कशाला, असे कुणी विचारेल. आत तर एसी आहे. सावली गारव्यासाठी नको, नजरेसाठी हवी. विमानाच्या खिडकीचे थर अ‍ॅक्रिलिकचे असतात आणि त्यांवर बारीक ओरखडे असतातच. सूर्य समोर आला की प्रत्येक ओरखडा पेटतो आणि पलीकडचे सगळे पांढुरके होते. सूर्य पाठीमागे असला की तीच खिडकी जणू नाहीशी होते, खालच्या डोंगराला सावल्या मिळतात आणि रंग खरे दिसतात.

या टप्प्यात एका गोष्टीसाठी मी सावलीचा नियम मोडायला सांगेन. दक्षिण जर्मनीवरून लंडनकडे जाणाऱ्या विमानात आल्प्स डाव्या हाताला, दक्षिण क्षितिजावर येतो. वाट जरा दक्षिणेची मिळाली आणि हवा स्वच्छ असली, तर पश्चिमेच्या टोकाला सगळ्यांत उंच असा माँ ब्लाँचा पांढरा घुमटही दिसतो. भारतीय माणसासाठी ते नुसते सुंदर शिखर नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे मलबार प्रिन्सेस हे विमान या पर्वतावर आदळले. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला आपली पहिली आंतरराष्ट्रीय फेरी घेऊन गेले होते ते हेच विमान. पुढे २४ जानेवारी १९६६ ला, जवळपास त्याच जागी, मुंबईहून निघालेले कांचनजंगा हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना आदळले आणि आतले सर्व ११७ जण गेले. त्यात डॉ. होमी भाभा होते. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघालेले. त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. तिथली बोसाँ हिमनदी त्या दोन्ही विमानांचे अवशेष अजूनही हळूहळू खाली आणून सोडते. २०२० च्या उन्हाळ्यात बर्फातून जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे बाहेर आली आणि त्यांच्यावर इंदिराजींच्या निवडीचे मथळे वाचता येत होते. डावीकडच्या खिडकीतून तो पर्वत दिसला, तर दोन मिनिटे त्याच्याकडे नुसते पाहावे. आपण किती उंचावरून आणि किती निर्धास्तपणे त्याच्याशेजारून जातो आहोत, हे त्या दोन तारखा आठवल्या की जाणवते.

आता अटलांटिक. आधी त्यावरची वाहतूक समजून घ्यावी. महासागरावर जमिनीवरचे रडार पोचत नाही, म्हणून तिथे रोज आकाशात समांतर वाटा आखल्या जातात. दिवसा युरोपकडून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी एक संच, रात्री उलट येणाऱ्यांसाठी दुसरा. पूर्वेकडचे नियंत्रण शॅनविक या केंद्राकडे, पश्चिमेकडचे न्यूफाउंडलँडमधल्या गँडरकडे. वाटा रोज बदलतात, कारण उंचावरचा वेगवान पश्चिमी वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, रोज जागा बदलतो. युरोपकडे परतणाऱ्या विमानांना तो पाठीशी हवा असतो, अमेरिकेकडे जाणाऱ्यांना तो टाळायचा असतो. लंडन-न्यूयॉर्क अंतर दोन्हीकडून साडेपाच हजार किलोमीटरच आहे, पण जाताना सुमारे आठ तास आणि येताना साडेसहा-सात तास लागतात ते यामुळे. याच वाटांवर आपल्या वर किंवा खाली हजार फुटांवरून दुसरे विमान समांतर जाताना दिसते. आपण दोघे एकाच दिशेला, म्हणून ते बराच वेळ जवळजवळ जागच्या जागी तरंगते आणि मागे पांढरी रेघ सोडत राहते. कुरुंदवाडच्या अंगणातून दिसणारी ती रेघ इतक्या जवळून पाहणे हा वेगळाच अनुभव आहे.

लंडनहून न्यूयॉर्कला किंवा बॉस्टनला जाणारे विमान साधारण ५३-५४ अंशांपर्यंत चढते. आयर्लंडची हिरवी कड मागे पडली की तीन-साडेतीन तास पाणी आणि ढग, आणि बहुतेक ढगच. खरे सांगायचे तर या वाटेवर समुद्र पाहण्याच्या आशेने खिडकी घेऊ नये. पाहण्यासारखे आहे ते दोन टोकांना. न्यूफाउंडलँड आणि लाब्रादोरची भूमी समोर आली की तळ्यांनी चाळणी झालेला, माणसाची खूण नसलेला मुलूख उलगडतो. वसंतात त्या किनाऱ्यालगत समुद्रात पांढरे ठिपके दिसतात. त्या ग्रीनलँडहून वाहत आलेल्या हिमनगांच्या राशी. टायटॅनिकला धडकलेला हिमनग याच वाटेने दक्षिणेला आला होता. १९१९ च्या जूनमध्ये अल्कॉक आणि ब्राउन या दोघांनी न थांबता महासागर ओलांडणारे पहिले उड्डाण याच न्यूफाउंडलँडहून केले आणि सोळा तासांच्या आत आयर्लंडमधल्या दलदलीत जाऊन उतरले. १९२७ च्या मे महिन्यात लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला. त्याच्या विमानात समोर काचच नव्हती, कारण तिथे पेट्रोलची टाकी होती. समोरचे पाहायला त्याच्याकडे एक पेरिस्कोप होता, आणि बाकी साडेतेहतीस तास बाजूच्या खिडक्यांतूनच जे दिसेल ते.

ग्रीनलँड पाहायचे असेल तर प्रवास सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल किंवा लॉस एंजेलिसचा हवा. लंडन-सॅन फ्रान्सिस्को ही सर्वांत जवळची वाट ६४-६५ अंशांपर्यंत जाते आणि दक्षिण ग्रीनलँडच्या थेट वरून जाते. मुले कॅलिफोर्नियात असतील तर युरोपमार्गे, दिवसा अटलांटिक ओलांडणारे तिकीट मिळते का ते जरूर पाहावे, कारण माझ्या मते हा जगातला सर्वांत देखणा विमानप्रवास आहे. ग्रीनलँडची हिमचादर सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठी, आणि काही ठिकाणी तीन किलोमीटरहून जाड. आधी पूर्व किनारा येतो: काळे, धारदार सुळके आणि त्यांच्यामधून समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या, ज्यांच्या पाठीवर मातीचे काळे पट्टे शेवटपर्यंत समांतर धावतात. मग सुळके बर्फात बुडत जातात, फक्त शेंडे उरतात, आणि तेही संपले की नुसता पांढरा विस्तार. जून-जुलैत त्यावर गडद निळी तळी दिसतात. वितळलेले पाणी बर्फाच्या खळग्यांत साचते आणि त्याचा रंग शाईसारखा असतो. अर्ध्या तासात पश्चिम किनारा येतो आणि हिमनगांनी भरलेल्या खाड्या. इथे उजवी खिडकी, म्हणजे उत्तरेची. सूर्य डावीकडे, दक्षिणेला असतो, आणि बर्फावरून उसळणारा प्रकाश त्या बाजूला डोळे उघडू देत नाही.

अमेरिकेकडे जाताना उजवी खिडकी घेण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या ट्रेकर मंडळींना ठाऊक आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, दरीत धुके आणि पाठीशी सूर्य असताना, धुक्यावर गोल इंद्रधनुष्य दिसते आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःची सावली असते. कर्नल साइक्सने १८३५ साली ते पाहिल्याचे सांगतात. त्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. विमानातून हेच इंद्रवज्र दिसायला नशीब लागत नाही. फक्त सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी आणि खाली सपाट ढग हवेत. ढगांवर विमानाची सावली शोधा. तिच्याभोवती लहानसे रंगीत कडे असते, आत निळसर, बाहेर तांबूस, कधी एकात एक दोन-तीन कडी. ढगातले पाण्याचे बारीक, सारख्या आकाराचे थेंब प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात म्हणून ते होते. नीट पाहिले तर कड्याचे केंद्र विमानाच्या सावलीच्या मध्यावर नसते. तुम्ही शेपटीकडे बसला असाल तर ते शेपटीच्या सावलीवर असते, पुढे बसला असाल तर पुढे. प्रत्येक प्रवाशाला त्याचे स्वतःचे इंद्रवज्र दिसते. कोल्हापूर-मुंबई विमानातही पावसाळा सरताना, ढगांचा गालिचा खाली असतो तेव्हा, हे सहज दिसते.

जाण्याच्या प्रवासातली दुसरी नवलाई काळाची आहे. ६० अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग स्वतःभोवती ताशी ८३५ किलोमीटरने फिरतो. प्रवासी विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास. म्हणजे त्या अक्षांशावरून पश्चिमेला जाणारे विमान सूर्याला गाठू शकते. दुपारी निघालात तर सूर्य तासन्‌तास क्षितिजावर त्याच उंचीवर थबकतो. ज्याला दीर्घ, न संपणारी संध्याकाळ पाहायची आहे त्याने मात्र डावी खिडकी घ्यावी, विशेषतः थंडीत. मुंबईहून मध्यरात्रीनंतर न थांबता न्यूयॉर्ककडे निघणाऱ्या विमानात याच गणिताने उलटे घडते: रात्रच लांबत जाते, आणि डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ सगळा प्रवास अंधारात होतो. देखाव्यासाठी जायचे असेल तर अशा विमानापेक्षा युरोपात थांबून दिवसा पुढे जाणारे मला बरे वाटते. सांध्यांना मधली विश्रांतीही मिळते.

परतीच्या प्रवासात सगळी मांडणी फिरते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून युरोपची विमाने बहुधा संध्याकाळी किंवा रात्री निघतात, नाक पूर्वेला, म्हणजे उत्तर डाव्या हाताला. आणि रात्री पाहण्यासारखे जे आहे ते उत्तरेलाच आहे. सप्टेंबर ते एप्रिल हा ध्रुवीय प्रकाशाचा काळ. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात उतरतात आणि शंभर किलोमीटरच्या वरच्या हवेतल्या प्राणवायूला हिरवा उजेड देतात, त्याहून उंचावर लाल. अटलांटिकची उत्तरेकडची वाट त्या पट्ट्याच्या जवळून जाते आणि खालचे ढग आड येत नाहीत. सूर्य खवळलेला असला तर तो प्रकाश कुठवर खाली येतो हे १० आणि ११ मे २०२४ च्या वादळात आपणही पाहिले. लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत आकाश लाल उमटले होते.

हा प्रकाश डोळ्याला बहुधा फिकट, राखाडी-हिरव्या धुक्यासारखा दिसतो, ढग समजून सोडून देण्यासारखा. तो ढगासारखा सरकत नाही, पडद्यासारखा हलतो, ओळख तीच. त्यासाठी आतला उजेड तोडावा लागतो. विमानात मिळणारे पांघरूण डोक्यावरून घेऊन खिडकीच्या चौकटीवर नीट दाबायचे, दोन्ही डोळे काचेशी न्यायचे आणि दहा मिनिटे तसेच थांबायचे. डोळे अंधाराला सरावले की आधी चांदण्या वाढतात, मग क्षितिज दिसू लागते. अशा वेळी काच जवळून पाहायलाही मिळते. खिडकीचे थर तीन असतात आणि मधल्या थराला खालच्या बाजूला टाचणीएवढे छिद्र असते, थरांमधली हवा मोकळी राहावी आणि सगळा दाब बाहेरच्या थरावर जावा म्हणून. बाहेर उणे पन्नास अंश असताना त्या छिद्राभोवती बर्फाची फुले उमलतात, नेच्याच्या पानासारखी, आणि पहाट झाली की त्यांच्या कडा गुलाबी होतात. ती पहाट उन्हाळ्यात डाव्या बाजूने, ईशान्येकडून होते, थंडीत उजव्या बाजूने, आग्नेयेकडून. जून-जुलैत उत्तर क्षितिजावरचा उजेड रात्रभर जातच नाही, आणि त्यावर कधी कधी रुपेरी-निळ्या, बारीक लाटांचे ढग चमकतात. ते ऐंशी किलोमीटरहून उंच असतात, पृथ्वीवरचे सर्वांत उंच ढग. खाली रात्र असली तरी त्यांच्यावर ऊन असते.

बाजू ठरली की ओळ. जागांच्या अक्षरांत ए, म्हणजे इंग्रजीतले पहिले अक्षर, बहुतेक सर्व विमानांत डावीकडच्या खिडकीचे असते. उजवी खिडकी लहान विमानात बहुधा एफ, मोठ्या दुहेरी वाटेच्या विमानात के किंवा एल. पंखावरची ओळ टाळावी, तिथून जमीन दिसत नाही. पंखाच्या पुढची जागा सर्वांत चांगली, पण मोठ्या विमानांत ती बहुधा महागड्या वर्गाला गेलेली असते. मग पंख संपल्यावर निदान चार-पाच ओळी मागे जावे. इंजिनाच्या मागून निघणाऱ्या गरम हवेने त्या बाजूचा थोडा भाग थरथरताना दिसतो. फोटो काढणाऱ्याने तेवढे टाळून, जरा खाली किंवा मागे नेम धरावा. काही बोइंग ७३७ मध्ये एसीच्या नळीमुळे एखाद्या ओळीला खिडकीच नसते, नुसती भिंत असते, आणि तरी तिकिटावर ती खिडकीची जागा म्हणून विकली जाते. त्यामुळे विमानाचा नेमका प्रकार पाहून जागांचा नकाशा तपासावा. बोइंग ७८७ ची खिडकी मोठी आणि उंच आहे, पण तिला खाली ओढायची झडप नाही, बटणाने काच गडद होते आणि कर्मचारी सगळ्या काचा एकदम गडद करू शकतात. झोपेच्या वेळी तसे झाले तर नम्रपणे विचारावे. ग्रीनलँड येते आहे म्हटल्यावर बहुधा कुणी नाही म्हणत नाही.

वयस्कर माणसांची अडचण खरी आहे. गुडघे, वारंवार उठणे, पायात रक्त साचण्याची भीती. डॉक्टर दर दोन तासांनी चार पावले चालायला सांगतात आणि ते ऐकायलाच हवे. त्यावर उपाय आहे. काही बोइंग ७७७ विमानांत शेपटीकडे धड निमुळते होते, तिथल्या शेवटच्या काही ओळींत खिडकीकडे तीनऐवजी दोनच जागा असतात. दोघा नवरा-बायकोंसाठी ती उत्तम: अनोळखी माणसाला उठवायचे नाही, एकाने खिडकी घ्यावी, दुसऱ्याने वाट, आणि समुद्रावर ढग आले की जागा बदलावी. स्वच्छतागृहही जवळ. जागेसाठी वेगळे पैसे मागितले तर मुलांना सांगावे की दोन्ही फेऱ्यांचे भरू नका, दिवसाच्या टप्प्याचे भरा.

उतरताना मात्र बाजू हमखास सांगता येत नाही, कारण विमान वाऱ्याला तोंड करून उतरते आणि वारा कुठून आहे हे त्या दिवशीच ठरते. हीथ्रोवर बहुतेक दिवस पश्चिमी वारा असतो, विमान पूर्वेकडून लंडन शहरावरून येते, आणि थेम्स, टॉवर ब्रिज, पार्लमेंट उजव्या खिडकीखालून जातात. नेवार्कला उत्तरेकडून उतरलात तर मॅनहॅटन डावीकडे, दक्षिणेकडून आलात तर उजवीकडे. वारा कुठला आहे ते पुढच्या पडद्यावरच्या नकाशात विमान शेवटचे वळण घेते तेव्हा कळते, आणि तोपर्यंत पट्टा बांधलेला असतो. म्हणून शेजारच्याला आधीच सांगून ठेवावे, पूल तुमच्या बाजूला दिसले तर मला हाक मारा, माझ्या बाजूला दिसले तर मी मारीन.